पहिली ओळ

सुचित्राबाईंच्या ओटीवर आम्ही बारा जण शिकायला बसलो तेव्हा त्यांत सगळ्यात लहान मी होतो, आणि मी सत्तावीस वर्षांचा होतो. बाकीचे बाप झालेले होते. एकाची पोरगी तर आठवीत होती आणि बापाचा गृहपाठ चुकला की ती खिडकीतून हसायची.

साल शहाण्णव. जासईच्या अलीकडे, खाडीला लागून आमचं गाव. अर्धी घरं आगऱ्यांची, दहा-बारा आमची, मुसलमानांची. जमीन यार्डासाठी गेली तेव्हा सगळ्यांची सारखीच गेली. जिथे भात व्हायचं तिथे कंटेनर रचले, आणि उरलं ते मिठागर. मग यार्डाच्या कंपनीचं पत्र आलं : जमीन गेलेल्या प्रत्येक घरातल्या एकाला कायमची नोकरी. दहावी पास पाहिजे, वय पस्तिशीच्या आत, कागद पुढच्या जूनअखेर.

गावात पस्तिशीच्या आतले पुष्कळ होते. दहावी पास मात्र हाताच्या बोटांवर. गणितात नापास होणं ही आमच्याकडे घराण्याची रीत. बाप गणितात, मुलगाही गणितात.

सयाजी घरत हा मिठागरावरचा आमचा म्होरक्या. चौतीस वर्षांचा, उंच, पाय गुडघ्यापर्यंत मिठाने चिरलेले. त्याची बायको सुचित्रा पेणकडची, बारावी शिकलेली. डी.एड.ला तिचा नंबर लागला नव्हता. लग्न होऊन आली ती पोरांना ओटीवर जमवून शिकवायला लागली. तिला क्लास काढायचा होता. दारावर बोर्ड असलेला, लांबून लोक येतील असा.

"शाळेत शिकवतात, नजीबभाऊ," ती मला म्हणायची, "पन अडलेल्याला पुढे कोन ढकलतो? मना तेच काम करायचंय. जन्मभर."

पत्र आलं तसं तिने सांगून टाकलं, "या मार्चला सगळ्यांनी बसायचं. मी घेते तुमची तयारी."

तिची रीत वेगळी होती. ती फळ्यावर गणित सोडवून दाखवायचीच नाही. आपल्याला मोठ्याने बोलत सोडवायला लावायची आणि जिथे पाय घसरला तिथे बोट ठेवायची. रोज त्याच जागी. मी आकडा बरोबरच्या चिन्हापलीकडे नेताना वजा गिळून टाकायचो. वीस दिवसांत तिने माझ्या घशातून तो वजा बाहेर काढला. एकाला अपूर्णांक कळेना तर त्याला मिठाच्या टोपल्या भरायला लावल्या. पाऊण टोपली काय ते त्याच्या मानेला माहीत होतं, फक्त डोक्याला माहीत नव्हतं.

सयाजीची अडचण उलटी होती. त्याला उत्तर आधी यायचं. बांध किती लांब, माती किती लागेल, हे त्याने आयुष्यभर नजरेने मोजलेलं. पण कागदावर नुसतं उत्तर लिहून मोकळा व्हायचा.

"उत्तर बरोबर आहे. पायऱ्या कुठायत?" ती विचारायची.

"पायऱ्या कशाला? मी वर पोचलो ना?"

आम्ही हसायचो. तीही हसायची, पदर तोंडावर धरून. मग घटकाभराने परत तेच विचारायची.

हा क्लास सुरू झाला तो एका अटीवर. अट सत्यभामा आयची, म्हणजे सयाजीच्या आईची. तिने पहिल्याच दिवशी उंबऱ्यात बसून सांगितलं होतं, "शिकव. मी आडवी येत नाय. पन अकरा बाप्यांच्या म्होरं माज्या पोराचा नाव नाय घ्यायचा. बायकोनं नवऱ्याचा नाव घेतला की त्याचा आयुष्य कमी व्हतं. माजा एकच हाय."

सुचित्राचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण सासूने ओटी दिली होती, दिवा दिला होता, बारा जणांना चहा दिला होता. ती हो म्हणाली.

आता हजेरी कशी घ्यायची? तिने जाड रजिस्टर आणलं होतं, कारण हजेरी असली की माणूस बुडवत नाही असा तिचा अनुभव. तिने पहिली ओळ कोरी सोडली आणि दुसरीपासून आमची अकरा नावं लिहिली. रजिस्टर सयाजीपुढे सरकवून म्हणाली, "ती तुमची. तुमच्या हातानं लिहा."

सयाजी सगळ्यांकडे बघून म्हणाला, "मी काय शालेतला पोर हाय?" आणि रजिस्टर परत सरकवलं. नंतर लिहील, असं तिला वाटलं. आम्हालाही वाटलं.

तेव्हापासून ती रोज दिवेलागणीला अकरा नावं घ्यायची, अकरा जण हजर म्हणायचे, मग ती मान वर करून खांबाकडे बघायची. खांबाला टेकून सयाजी बसलेला असायचा. तो खाकरायचा. झाली हजेरी. पुढे पुढे तर आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलं की तो खाकरला की आम्ही पुस्तकं उघडायचो.

नोव्हेंबरात परीक्षेचे फॉर्म भरायचे होते. आम्ही सगळे जुने नापास, तेव्हा फॉर्म तालुक्याच्या हायस्कुलातून. तिथले क्लार्क नंदकुमार शेटे, घाटावरचे, अतिशय टापटिपीचे. शर्टाच्या खिशात तीन पेनं. सुचित्राबाई एकटी बाई बारा जणांना शिकवते हे ऐकून त्या माणसाला काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "तुमचे लोक कामावर जातात, सगळे कुठे येणार? रविवारी मीच येतो फॉर्म घेऊन."

त्या रविवारच्या आदल्या रात्री उधाण होतं. मिठागराच्या बांधाला खांड पडली. खारं पाणी आत घुसलं म्हणजे पावसाळ्यानंतरची दीड महिन्याची मेहनत गेली. सयाजी, मी आणि आणखी दोघे पहाटेपासून चिखलात होतो. चिखलाचे गोळे कापायचे, हातोहात द्यायचे, खांडीत टाकून पायाने दाबायचे. पाणी ओसरतंय तेवढ्यात भरायची. उन्हं वर आली तेव्हा आमच्या अंगावर कपडा कुठला आणि चिखल कुठला ते कळत नव्हतं.

घरी शेटे आले. सुचित्राबाईने रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलं आणि पाहुण्यासाठी पोहे टाकायला आत गेली. नावं वाचून शेट्यांनी ओटीवरच्या आठांच्या सह्या घेतल्या. ती बाहेर आली तेव्हा ते आवरत होते.

"बाकीचे बांधावर आहेत," ती म्हणाली.

"जाताना बांधावरूनच जातो. रजिस्टर नेऊ का? नावं त्यातच आहेत ना सगळी?"

"हो, न्या."

एवढंच बोलणं झालं. त्या कोऱ्या ओळीची तिला आठवण झाली नाही. होणार कशी? तिच्या मनात ती ओळ भरलेलीच होती. इतके दिवस रोज ती त्या ओळीकडे बघूनच मान वर करत होती.

शेटे चपला हातात घेऊन बांधावरून येताना दिसले तसा सयाजी म्हणाला, "आयले. हात धुवा रे." डबक्यात जरा बरं पाणी होतं. आम्ही चौघांनी हात धुतले. सयाजीने सगळ्यात जास्त वेळ धुतले. नखांतला चिखल काडीने काढला, दोन्ही हात पँटीच्या मागच्या कोरड्या भागाला पुसले आणि हात अंगापासून दूर धरून उभा राहिला. कागदाला डाग लागायला नको.

शेट्यांनी नाव घेतलं, पहिला गेला. दुसरं घेतलं, दुसरा गेला. मग माझं. मी सही केली. शेट्यांनी पेनाला टोपण लावलं आणि रजिस्टर मिटून माझ्या हाती दिलं.

"झाले बघा सगळे. अभ्यास करा आता."

सयाजी माझ्या बाजूला उभा होता. हात तसेच दूर धरलेले. त्याने शेट्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्याला विचारायचं होतं, माझं? दोन अक्षरं. पण स्वतःच्या बायकोच्या क्लासात आपलं नाव आहे का, हे तीन गड्यांसमोर एका क्लार्काला कसं विचारायचं? तिने घरी केलंच असेल, तो मनाशी म्हणाला असेल. त्याने फावडं उचललं.

आणि मी? मला कळलं होतं. त्याचं नाव घेतलं नाही हे मला त्याच क्षणी कळलं होतं. घरी झालं असेल असं मलाही वाटलं, हे खरं आहे. पण अर्धंच खरं. आदल्या आठवड्यात यार्डाच्या फाटकावर मी ऐकलं होतं की पहिल्या यादीत गावातले दहाच जण घेणार, आणि तेही मार्कांवर. माझ्या तोंडाशी आलेलं "शेटेसाहेब, एक राहिला" मी गिळलं. तिने माझ्या घशातून वजा काढला होता, त्या जागी मी हे ठेवलं. आजवर कोणाला सांगितलं नाही. शकिलालाही, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही.

संध्याकाळी सुचित्राबाईने त्याला विचारलं, "साहेब आले होते ना बांधावर?"

"आयलते," तो म्हणाला.

तिला वाटलं त्याची सही झाली. त्याला वाटलं तिने फॉर्म भरला. संसार असाच चालतो, बहुतेक वेळा ठीक चालतो.

तीन महिने तो आमच्याबरोबर घासत होता. दिवसा मिठागर, संध्याकाळी पायऱ्या. आता तो पायऱ्या लिहायला लागला होता, एकाखाली एक, बांधावरच्या दगडांइतक्या नीट. फेब्रुवारीत हॉल तिकिटं आली. शेट्यांनी गठ्ठा पाठवला. सुचित्राबाईने ओटीवर बसून एकेक वाटलं. अकरा झाली. तिने पाकीट उलटं करून झटकलं. मग आत हात घालून चाचपलं.

खांबाकडून खाकरल्याचा आवाज आला.

तिचा चेहरा मी बघितला आणि खाली बघितलं.

दुसऱ्या दिवशी ती आणि मी तालुक्याला गेलो. सयाजी आला नाही. मिठाची पहिली रास ओढायची होती, असं म्हणाला. शेटे यादी काढून बसले.

"उमेदवाराचं नाव?"

मी तोंड उघडलं तर तिने हाताने मला थांबवलं. पदर डोक्यावरून घेतला आणि स्पष्ट, शाळेतल्या मुलीसारखं म्हणाली, "सयाजी धर्मा घरत."

लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव तिच्या तोंडून कोणी ऐकलं नसेल. शेट्यांचं बोट यादीवरून वरून खाली गेलं, परत खालून वर आलं.

"नाही बाई. हे नाव नाही."

त्यांनी रजिस्टर मागितलं. तिने पिशवीतून काढून दिलं. त्यांनी पान उघडलं आणि त्या कोऱ्या ओळीवर हात ठेवला. "मला वाटलं, मथळ्यासाठी सोडलीये," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. तो माणूस खोटा नव्हता. त्यांनी फोन केले, आणखी दोन ठिकाणी अर्ज लिहून दिले. पण याद्या बोर्डाकडे जाऊन दोन महिने झाले होते. पुढची परीक्षा ऑक्टोबरात. कागद जूनमध्ये. आणि ऑगस्टात सयाजी पस्तिशी पुरी करणार होता.

परत येताना बसमध्ये ती एकच वाक्य बोलली. "मी सगळ्यांच्या चुका शोधत बसले, नजीबभाऊ."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बोलायची वेळ तीच होती. मी नाही बोललो.

घरी सत्यभामा आय उंबऱ्यातच होती. तिला सांगावं लागलं नाही. तिने आधी सुनेकडे बघितलं, मग रजिस्टरकडे. म्हातारीने दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. "घे," ती ओरडली, "घे आता त्याचा नाव! दारात उबी ऱ्हा नि घे! आता काय कमी व्हायचा ऱ्हायलाय त्याचा?"

सयाजी मागच्या दारी पायाला तेल लावत होता. तो उठून आला, आईचे हात धरले. "आय, गप. तिचा काय नाय. मीच इचारला नाय." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी नका थांबू. सोळा दिस ऱ्हायलेत परीक्षेला."

ते सोळा दिवस तिने आम्हाला शिकवलं. कसं, ते तिलाच माहीत. हजेरी घेतली नाही. सयाजी खांबापाशी बसायचा, दिव्याची वात वर करायचा, चहा आणून द्यायचा. एकदा मी अडलो तर पुढची पायरी त्याने हळूच सांगितली.

गणिताच्या दिवशी तो आम्हाला केंद्रावर पोचवायला आला. पेपर संपेपर्यंत बाहेर उन्हात उभा. मी बाहेर आलो तशी प्रश्नपत्रिका मागून घेतली, घडी करून टोपीत ठेवली. घरी जाऊन ओटीवर बसला आणि घड्याळ लावून पेपर सोडवला. पूर्ण. पायऱ्यांसकट. लिहून झाल्यावर त्याने तो सुचित्राबाईपुढे ठेवला. तिने लाल पेन घेतलं. आम्ही दारात उभे राहून बघत होतो. ती एकेक गणित तपासत गेली. एकच चूक निघाली. तिने वर मार्क लिहिले. आमच्यापैकी कोणाला पुढे तेवढे पडले नाहीत. मग मार्कांच्या खाली तिने त्याचं पूर्ण नाव लिहिलं, आणि कागदावर डोकं ठेवून, आम्ही समोर असताना, मोठ्याने रडली. सयाजी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेला, आम्हाला बघून थांबला, मग ठेवलाच.

जूनमध्ये निकाल लागला. अकरांतले नऊ पास. दहा जागांची अफवा अफवाच निघाली. कंपनीने नऊच्या नऊ घेतले. आणखी दोन असते तर तेही घेतले असते.

आम्ही वर्गणी काढून पत्र्याचा बोर्ड रंगवून घेतला. सुचित्रा क्लासेस. हार, पेढे घेऊन गेलो. तिने हार घालून घेतला नाही.

"तुमचे नऊ पास झाले, मना आनंद आहे. पन माझ्या घरात मी नापास झालेय. हे न्या परत."

पेढे पोरांनी खाल्ले. बोर्ड तिने भिंतीकडे तोंड करून ठेवला. क्लास बंद झाला. लोक दिघ्याहून येऊन गेले, एक बाई खारघरहून पोराला घेऊन आली. ती दारातूनच हात जोडायची. जन्मभर करायचं होतं ते काम तिने कोपऱ्यात उभं करून ठेवलं आणि पावसाळा सरला तशी मिठागरावर टोपल्या उचलायला जायला लागली. तिच्या पायांनाही चिरा पडल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मिठागरही गेलं. डंपर आले, मुरूम टाकला, आम्ही भरलेल्या त्या खांडीवरून रस्ता गेला. त्याच आठवड्यात एका सकाळी सयाजीने स्टूल घेतलं, चौकटीवर खिळा ठोकला आणि बोर्ड टांगला. ती आतून धावत आली.

"काढा तो."

"नाय काढनार. माज्या एकट्यापायी गावची पोरा अडानी ठेवतंस काय? उद्यापासून बसव. माजा बगितलाय मी काम."

तिने पोरांना बसवलं. रजिस्टर मात्र परत कधी काढलं नाही.

त्याने स्वतःसाठी बघितलेलं काम मला दोन दिवसांनी कळलं. मी तेव्हा यार्डाच्या फाटकावर टाइमकीपर होतो. अंगात निळा शर्ट, खिशात दोन पेनं. सकाळी रोजंदारीच्या हमालांची हजेरी घ्यायची आणि आत सोडायचं. त्या दिवशी मुकादमाने नव्या टोळीची यादी दिली. मी पहिली ओळ वाचली आणि वर बघितलं. रांगेच्या टोकाला सयाजी उभा होता. डोक्याला फडकं, पायांत टायरच्या चपला.

मी दुसऱ्या ओळीपासून सुरुवात केली. एकेक नाव घेतलं, एकेक जण हजर म्हणत आत गेला. शेवटी तो एकटा उरला. मी मान वर केली, त्याच्याकडे बघितलं.

तो खाकरला.

मी पहिल्या ओळीवर खूण करायला पेन टेकवलं, तेवढ्यात मुकादम म्हणाला, "ओ साहेब, हा कोण? नाव नाय घेतलं याचं."

"दादा," मी म्हणालो. "दादा, त्या दिवशी बांधावर मी..."

"मना ठावं हाय," सयाजी म्हणाला. "मी तुज्याकडेच बगत व्हतो." त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तिला नको सांगूस. ती तुला भाऊ बोलते." मग त्याने माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. "घे नाव, नजीब. नाव घेतल्याशिवाय हजेरी लागत नाय."

मी नाव घेतलं.

"हजर," तो म्हणाला, आणि दोन्ही हात पँटीच्या मागे पुसून आत गेला.